०.१० टक्के सल्फर: चेंजओव्हर किती तास आधी सुरू करायचा?

पहिलंजहाज: नमस्कार. फोर्थ इंजिनिअर म्हणून माझं हे पहिलंच जहाज. पुढच्या आठवड्यात भूमध्य समुद्रात शिरतोय. १ मे २०२५ पासून तिथेही इंधनातल्या सल्फरला ०.१० टक्क्याची मर्यादा आहे आणि आमच्याकडे स्क्रबर (धुरातलं सल्फर धुणारं यंत्र) नाही, म्हणून शिरण्याआधी इंधन बदलायचं, म्हणजे चेंजओव्हर करायचा. लाइनमध्ये ०.४८ टक्के सल्फरचं व्हीएलएसएफओ (तापवून वापरायचं जड इंधन), घ्यायचं एमजीओ (डिझेलसारखं हलकं इंधन) ०.०८ टक्के. मिक्सिंग कॉलम (नवं-जुनं इंधन मिसळतं ती टाकी), हीटर, पाइप धरून दीड घनमीटर इंधन. इंजिनाकडे इंधन ढकलणारा बूस्टर पंप तासाला ३ घनमीटर देतो, म्हणून अर्धा तास पुरे असं मी लिहिलं. सेकंड इंजिनिअरनी कागद बघून "पुन्हा कर" एवढंच सांगितलं. कुठे चुकलं?

जुनाचीफ: पंप बघू नकोस, खप बघ. पंप देतो त्यातलं इंजिन जाळतं तेवढंच बाहेर जातं, बाकीचं रिटर्न लाइननं पुन्हा मिक्सिंग कॉलममध्ये. खप किती?

पहिलंजहाज: तासाला पाऊण घनमीटर, सर.

जुनाचीफ: म्हणजे दीड घनमीटर जळायला दोन तास. पण नवं जुन्यात मिसळत जातं, त्यामुळे दोन तासांनीही जुनं ३७ टक्के उरतं. चार तासांनी १४, सहा तासांनी ५. ०.४८ चे ५ टक्के आणि ०.०८ चे ९५ टक्के मिळून बरोबर ०.१० होतात. म्हणजे सहा तास, तेही अगदी काठावर.

आणि घाई करू नकोस रे. तापमान मिनिटाला २ अंशांपेक्षा जास्त बदलायचं नाही. २०१५ मध्ये ही मर्यादा उत्तर समुद्रात लागू झाली तेव्हा आमच्या जहाजावर हीटरची स्टीम बंद करायला उशीर झाला. एमजीओ गरम होऊन पाण्यासारखं पातळ झालं आणि एका युनिटच्या (सिलिंडरच्या) फ्युएल पंपाचा प्लंजर, म्हणजे दट्ट्या, जागीच अडकला. रात्रभर तो पंप बदलत होतो.

वॉचकीपर: चेंजओव्हर संपल्याची तारीख, वेळ, जहाजाची पोझिशन आणि प्रत्येक टाकीतलं कमी सल्फरचं इंधन, सगळं हद्दीत शिरण्याआधी लॉगबुकात लिही. तपासणीला येणारे आधी तेच बघतात.

पहिलंजहाज: आभारी आहे. दुसऱ्या टाकीतलं एमजीओ ०.०५ आहे. ते घेतलं तर ४ तास २० मिनिटं येतात. बरोबर?

जुनाचीफ: बरोबर. ०.०५ हा आकडा बंकर डिलिव्हरी नोटवरचा (इंधन देताना पुरवठादार देतो त्या कागदावरचा) की लॅबचा?

पहिलंजहाज: नोटवरचा.

जुनाचीफ: मग लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत सहाच तास धर. किनाऱ्यावरची माणसं तोच धूर श्वासात घेतात.