कंपन, हादरा, थरथर : वाड्याच्या तपासणीसाठी कोणता शब्द?

प्रश्न (वाई) : आमच्या पेठेतल्या जुन्या दगडी वाड्याची कंपनं मोजून तपासणी व्हायची आहे. राहणाऱ्यांसाठी मराठी पत्रक लिहितोय. ‘वाड्याची कंपनं मोजणार’ हे वाचून एका आजींनी विचारलं, “म्हणजे वाडा हलवणार?” ११ डिसेंबर १९६७ ची कोयनेची पहाट ज्यांना आठवते, त्यांच्यासाठी कंप म्हणजे भूकंपच. दुसरा शब्द सुचवा.

उत्तर (कराड) : ‘हादरा’ नको, तो बाहेरून बसतो. ‘थरथर’मध्ये भीती आली. ‘स्पंदन’ सुरेख आहे, पण डोळ्यांपुढे हृदय येतं. ‘कंपन’च ठेवा, वाक्य बदला : ‘वाड्यात एरवीही चालू असलेली सूक्ष्म कंपनं टिपणार’. वारा, रस्त्यावरची एसटी, जिन्यावरची पावलं यांनी प्रत्येक इमारत सतत हलते, फक्त आपल्याला जाणवत नाही. भिंतीला त्वरणमापक (हालचाल टिपणारं छोटं यंत्र) लावून तेवढंच नोंदवतात. त्यासाठी वाड्याला मुद्दाम धक्का द्यावा लागत नाही. आजींना हे समोर बसून सांगा, पत्रकावर सोडू नका.

प्रश्नकर्ता : पटलं. पुढे ‘वारंवारता कमी म्हणजे वाडा कमकुवत’ असं लिहिलंय. चालेल?

उत्तर (सांगली) : अजिबात नाही! वारंवारतेवरून, म्हणजे वाडा एका सेकंदात किती वेळा हलतो त्यावरून, कळते ती ताठरता, म्हणजे वाकायला होणारा विरोध; ताकद, म्हणजे किती भार सोसेल, ही वेगळी गोष्ट. वस्तुमान तेच राहून वारंवारता १० टक्के उतरली, तर ताठरता सुमारे १९ टक्के घटलेली असते, कारण दोघींत वर्गमुळाचं नातं आहे. पण ‘उतरली’ म्हणायला त्याच वाड्याची आधीची नोंद लागते. उंच मनोरा मुळातच सावकाश डोलतो, बैठा वाडा भरभर. म्हणून एकाचा आकडा दुसऱ्याला लावू नये. शिवाय ऋतू. इटलीत मांतुआच्या ५४ मीटर उंच गाब्बिया मनोऱ्यावर २०१२ च्या भूकंपानंतर मापकं बसवली, तर तापमान चढलं की वारंवारताही चढताना दिसली. दगडी काम उन्हानं प्रसरण पावतं, बारीक भेगा मिटतात. तेव्हा मे महिन्यातला आकडा जानेवारीतल्या आकड्याशी थेट ताडून घाबरवू नका.

उत्तर (कराड) : गवंड्यांचे शब्दही घ्या. घडीव दगड आतल्या भरीपासून सुटला की ठोकल्यावर ‘बद्द’ वाजतो. भिंत फुगली की तिला ‘पोट सुटलं’ म्हणतात. मापक सगळ्या वाड्याचं सांगतं, नेमका दगड हातोडीच दाखवते. आणि ‘वारंवारता’ पहिल्यांदा येईल तिथे ‘एका सेकंदात किती वेळा’ असं लिहा, मग ‘हर्ट्झ’ला कुणी अडणार नाही.