रिवा अ‍ॅक्वारामाची लाकडी प्रतिकृती: तयार घ्यावी की किट मागवावे? (मर्यादा २५,००० रुपये)

सातपूरकर:
माझ्या वडिलांनी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत आयुष्यभर लाकडी पॅटर्न घडवले. ओतकामाचे साचे ज्यांवरून निघतात, ते हे पॅटर्न. त्यांना इटलीतील सार्निकोच्या रिवा बोटींची अतोनात ओढ आहे. १८४२ मध्ये पिएत्रो रिवा यांनी इझेओ सरोवराकाठी वादळाने मोडलेल्या होड्या दुरुस्त केल्या आणि पुढे त्याच घराण्यातील कार्लो रिवा यांनी १९६२ मध्ये महोगनी लाकडाची अ‍ॅक्वारामा ही मोटरबोट पाण्यात उतरवली, ही हकीकत आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दिवाळीत वडिलांना सत्तर पूर्ण होतील, तेव्हा त्यांना तिची प्रतिकृती द्यायची आहे. कृपया अनुभव सांगावेत.

गोदाकाठ:
तयारच घ्या. मी पंचेचाळीस हजारांना घेतली आणि गंगापूर रोडच्या घरात काचेच्या कपाटात ठेवली. येणारा प्रत्येक पाहुणा आधी तिच्यापाशी थांबतो. पंचवीस हजारांत मिळणाऱ्या बोटीचा वॉर्निश लांबूनच खोटा दिसतो.

सागवान:
इटलीपर्यंत जाण्याचे कारण मला समजत नाही. लवजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईत आले आणि त्यांच्या घराण्याने मलबारी सागाची जहाजे बांधली. त्यांपैकी १८१७ चे ट्रिंकोमाली आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर उभे आहे. नाशिकच्या एखाद्या चांगल्या सुताराकडून त्या जहाजाची सागवानी प्रतिकृती करून घ्यावी.

चौकट:
विषय अ‍ॅक्वारामाचा आहे, म्हणून त्याबद्दलच लिहितो. प्रतिकृती घेतलीत तर साठच्या दशकातील रूपाचीच घ्यावी. १९६९ मध्ये कार्लो रिवा यांनी कारखाना एका अमेरिकी कंपनीला विकला, त्यानंतर मालक बदलत गेले आणि १९९६ मध्ये अ‍ॅक्वारामाचे उत्पादन थांबले. २००० मध्ये फेरेत्ती समूहाने नाव विकत घेतले खरे, परंतु त्यांच्या अ‍ॅक्वारिवा या नव्या बोटीचा सांगाडा फायबरचा आहे. याला पुनरुज्जीवन म्हणावे, असे मला वाटत नाही.

दुसरी बाजू:
चौकट यांच्याशी मी सहमत नाही. अ‍ॅक्वारिवाच्या डेकवर आजही महोगनी आहे आणि सार्निकोचा कारखाना चालू आहे. २००० मध्ये ते नाव कोणी उचलले नसते, तर आज आपण फक्त जुन्या छायाचित्रांवर बोलत असतो. २०१७ मध्ये कार्लो रिवा वारले, तेव्हा त्यांचे नाव असलेल्या बोटी सार्निकोत बांधल्या जात होत्या.

श्रावणसर:
वाद बाजूला ठेवून कामाचे सांगतो. मी एक किट ऐन श्रावणात जोडले. हवेतील ओल लाकडात मुरली होती आणि मार्गशीर्षात नाशिकची कोरडी थंडी पडताच पट्ट्या आकसून सांधे उघडले. दोन महिन्यांचे काम वाया गेले. म्हणून किट घेतलेच तर पट्ट्या काही आठवडे खोलीत उघड्या ठेवाव्यात, डिंक दिवाळीनंतर लावावा आणि वॉर्निशचे हात पातळ देऊन प्रत्येक हातानंतर बारीक पॉलिशपेपरने घासावे. मूळ बोटीला सुमारे वीस हात देत असत. प्रतिकृतीला आठ पुरे होतात. परंतु सत्तरीच्या माणसाला हा त्रास देऊ नये, तयार घेणेच बरे.

गोदाकाठ:
मीही तेच म्हणालो होतो. वाढवा मर्यादा आणि तयार घ्या.

पंचवटीची सून:
माझ्या सासऱ्यांना आम्ही तयार जहाज दिले होते. त्यांनी दोन दिवस पाहिले आणि मग ते देवघराशेजारी धूळ खात राहिले. त्यांचे हात रिकामेच राहिले, ही खंत मला आजही आहे. दादा, वडिलांच्या हातांना काय हवे आहे, ते आधी पाहा.

सातपूरकर:
सर्वांचे आभार. बहुतेकांनी तयार घ्या म्हटले, तरी मी इटलीतील अमाती कंपनीचे १:१० प्रमाणातील किट मागवले आहे. आयात शुल्क धरून ते ठरवलेल्या मर्यादेच्या बरेच पुढे गेले. काल भेटीचे गुपित मोडून मी वडिलांना नाळेचे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाचे, रेखाचित्र दाखवले. त्यांनी चष्मा काढून ते दिव्याजवळ धरले, बराच वेळ पाहिले आणि विचारले, "इथे पट्टी वाफेवर वाकवायची की भिजवून?" श्रावणसर, तुमचा दिवाळीनंतरचा सल्ला मी त्यांना वाचून दाखवला. पॅटर्नच्या लाकडालाही ते असेच खोलीत मुरू देत, असे ते म्हणाले आणि माळ्यावरचा जुना रंधा उतरवायला सांगितला.