ॲक्रोपोराची टोके पांढरी पडत आहेत. नायट्रेट आणि फॉस्फेट तर शून्य आहे

निळीलाट

नमस्कार. माझी खाऱ्या पाण्याची टाकी सुरू होऊन वर्ष होत आले आहे. लांबी ९० सेंटिमीटर, क्षमता २५० लिटर. खडक आणि वाळू वजा करून सम्पमधले (मुख्य टाकीला जोडलेल्या, उपकरणे ठेवायच्या टाकीतले) पाणी धरले, तर प्रत्यक्षात सुमारे २२० लिटर पाणी असावे. टाकीत दोन ऑसेलॅरिस क्लाउनफिश, एक रॉयल ग्रामा, काही ट्रोकस गोगलगायी आणि हर्मिट खेकडे आहेत. प्रवाळांमध्ये झोअँथिड, एक हॅमर, एक नारिंगी माँटिपोरा आणि अलीकडे लावलेले ॲक्रोपोराचे तीन तुकडे आहेत.

गेल्या काही आठवड्यांपासून ॲक्रोपोराच्या फांद्यांची टोके पांढरी पडून त्यावरचे मांस नाहीसे होत आहे आणि त्या उघड्या भागावर आता हिरवट शेवाळ चढू लागले आहे. माँटिपोराचा नारिंगी रंग फिकट पिवळट झाला आहे. हॅमर दिवसभर अर्धाच फुलतो. याशिवाय दुपारपर्यंत वाळूवर तपकिरी, चिकट तंतू दिसू लागतात, त्यांत हवेचे बुडबुडे अडकलेले असतात, आणि सकाळी दिवे लागण्यापूर्वी पाहिले तर वाळू जवळजवळ स्वच्छ असते.

मोजमापे अशी: खारेपणा ३५, तापमान २५.५ अंश, अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचे प्रमाण, डीकेएच या एककात) १०.५ डीकेएच (आठवड्याभरात ती ९ ते ११ दरम्यान हलते), कॅल्शियम ४३०, मॅग्नेशियम १३५०, नायट्रेट ०, फॉस्फेट ०.००. प्रोटीन स्किमर (फेसाबरोबर सेंद्रिय घाण बाहेर काढणारे यंत्र) चोवीस तास चालतो, फॉस्फेट शोषणाऱ्या लोह-ऑक्साइडच्या दाण्यांचा रिॲक्टर जोडलेला आहे आणि सम्पमध्ये चेटोमॉर्फा शेवाळ वाढवले आहे. शेवाळाचा त्रास होऊ नये म्हणून पाणी जितके स्वच्छ ठेवता येईल तितके ठेवले आहे. मासे उत्तम खातात.

पाणी इतके स्वच्छ असताना प्रवाळ का खंगत आहेत, हे मला समजून घ्यायचे आहे. दुसरे म्हणजे, वाळूवरचे आणि खडकावरचे शेवाळ खाण्यासाठी एक यलो टँग मासा आणावा का?

प्रवाळवेडा

तुमचा एकेक आकडा सुटा पाहिला, तर फारशी चिंता वाटणार नाही; पण अल्कलिनिटी १०.५ आणि त्याच वेळी नायट्रेट-फॉस्फेट शून्य, ही जोडी ॲक्रोपोराला सोसत नाही. टोके जळण्याचे हे अगदी नेहमीचे कारण आहे. समुद्राच्या पाण्याची अल्कलिनिटी साधारण ६.५ ते ७ डीकेएच असते. ती वाढवली की प्रवाळाचा सांगाडा भराभर वाढू लागतो, पण सांगाड्यावर पसरणारे मांस वाढायला नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतात. ते पाण्यात नसले, की वाढीच्या टोकावर मांस मागे पडते आणि सांगाडा उघडा राहतो, अशी त्यामागची सर्वसाधारण समजूत आहे. ज्या टाकीत नायट्रेट १० आणि फॉस्फेट ०.०८ असते, तिथे हीच अल्कलिनिटी प्रवाळ निमूटपणे सोसतात.

एक खात्री आधी करून घ्या. निरोगी ॲक्रोपोराचे वाढते टोकही पांढरे किंवा फिकट असते, आणि पुष्कळ जण त्यालाच घाबरतात. भिंग घेऊन पाहा: वाढत्या टोकावर पातळ, ओलसर मांसाचा थर आणि मधोमध एक गोल पेला स्पष्ट दिसतो. जळालेल्या टोकावर सांगाडा खरखरीत, कोरडा दिसतो. तुमच्याकडे त्यावर शेवाळ चढले आहे, म्हणजे तिथे मांस नाही हे उघडच आहे.

माँटिपोराचा रंग उडण्याचे मूळही तेच असावे. प्रवाळाच्या पेशींत राहणारे सूक्ष्म शैवाल प्रकाशापासून अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देते. त्या शैवालालाही फॉस्फरस लागतो. त्यामुळे आपल्याला टाकीत शेवाळ नको असले, तरी प्रवाळाच्या आतले शैवाल उपाशी ठेवून चालत नाही. माझ्या मते ‘स्वच्छ पाणी म्हणजे शून्य नायट्रेट’ हा समज या छंदातला सर्वांत महाग समज आहे. खऱ्या प्रवाळ-खडकांभोवतीच्या पाण्यात विरघळलेली पोषकद्रव्ये कमी असतात हे खरे, पण तिथे प्लवक, माशांची विष्ठा आणि तरंगणारे सेंद्रिय कण यांचा ओघ अखंड चालू असतो. आपल्या टाकीत तो नसतो आणि जे थोडे असते ते स्किमर ओढून घेतो.

आता काय करावे? फॉस्फेटचा रिॲक्टर आजच बंद करा. चेटोमॉर्फाचा निम्मा गुंता काढून टाका आणि सम्पवरच्या दिव्याचे तास कमी करा. माशांचे खाणे वाढवा. दिवसातून एकदा देत असाल तर दोनदा, आणि त्यात गोठवलेल्या मायसिसचा (कोळंबीसारख्या बारीक जिवांचा) समावेश असू द्या. फॉस्फेट ०.०५ ते ०.१ आणि नायट्रेट ५ ते १० या पट्ट्यात येऊन स्थिरावेपर्यंत घाई नको. नायट्रेट वाढले पण फॉस्फेट शून्यच राहिले, तर प्रवाळाची अवस्था अधिक बिकट होते. म्हणून आधी फॉस्फेटकडे लक्ष द्या. दिव्यांची तीव्रता तूर्त पाव हिश्शाने कमी करा, कारण उपाशी प्रवाळाला प्रखर प्रकाश झेपत नाही.

अल्कलिनिटी ८ च्या आसपास आणा, पण एकदम खाली खेचू नका. अल्कलिनिटी वाढवण्यासाठी जे घालत असाल त्याची मात्रा कमी करा आणि प्रवाळांच्या वापरानेच तिला उतरू द्या. दिवसाला अर्ध्या डीकेएचपेक्षा जास्त फरक पडू देऊ नका. ८ वर आली की रोजचा खरा वापर मोजा: दोन दिवस काहीही न घालता, रोज एकाच वेळी मोजणी करा आणि पडलेला फरक दोनाने भागा. समजा रोज ०.४ ने उतरते. खाण्याचा सोडा १०० लिटर पाण्यात ३ ग्रॅम टाकला की अल्कलिनिटी साधारण १ डीकेएच वाढते; त्या हिशेबाने तुमच्या २२० लिटरला रोज अडीच ग्रॅमपेक्षा थोडा जास्त सोडा लागेल. तो आरओ पाण्यात विरघळवून, वेगवान प्रवाहात, शक्य असेल तर दिवसभरात विभागून द्या. आठवड्यात ९ ते ११ असे जे हेलकावे तुम्ही लिहिले आहेत, ते आठवड्याची मात्रा एक-दोन वेळांत घातल्याने पडत असावेत.

रोज कॅल्शियम मोजत बसू नका. सांगाडा तयार होताना २.८ डीकेएच अल्कलिनिटी खर्च होते तेव्हा कॅल्शियम फक्त २० ने उतरते. म्हणजे अल्कलिनिटी १ ने उतरली तरी कॅल्शियममधला फरक सातच्या आसपास असतो, आणि घरगुती चाचणीसंचाला तो धड दिसतही नाही. गडबड आधी कळते ती अल्कलिनिटीवरच.

मीठपाणी

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु मात्रा बदलण्यापूर्वी मोजमापांवर विश्वास ठेवता येतो का हे तपासावे, असे मला वाटते. खारेपणा ३५ हा आकडा रिफ्रॅक्टोमीटरचा असणार. हे उपकरण बहुतेक जण आरओ पाण्यावर शून्य करून घेतात, मात्र शून्यावर बरोबर असलेले उपकरण ३५ वर बरोबर असेलच असे नाही. ३५ खारेपणाचे प्रमाणित द्रावण मिळते; त्याचा थेंब टाकून उपकरण जुळवून घ्या. खारेपणा चुकीचा असेल तर कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि अल्कलिनिटी या तिन्ही आकड्यांचा अर्थच बदलतो.

बाष्पीभवनाने कमी झालेले पाणी तुम्ही कसे भरता, हे तुम्ही लिहिलेले नाही. झाकण नसलेल्या, पंखे चालू असलेल्या अशा टाकीतून दिवसाला अडीच लिटर पाणी सहज उडते. मीठ उडत नाही. चार दिवस पाणी भरले नाही तर २२० लिटरचे २१० होतात आणि खारेपणा ३५ वरून ३६.७ वर जातो. मग एकदम १० लिटर गोडे पाणी ओतले की तो एका तासात खाली येतो. याच काळात केवळ पाणी आटल्यामुळे अल्कलिनिटीचा आकडाही ८ वरून ८.४ दिसेल. पाणी भरण्याआधी एकदा आणि भरल्यानंतर एकदा अशी मोजणी होत असेल, तर तुमच्या हेलकाव्यांतला काही भाग त्यातूनच आला असण्याची शक्यता आहे. पातळी ओळखून आपोआप पाणी भरणारा पंप मी दिव्यांच्याही आधी घ्यायला सांगतो. त्याची गोड्या पाण्याची साठवण टाकी लहान ठेवा, म्हणजे संवेदक अडकला तरी मुख्य टाकीत फार गोडे पाणी ओतले जाणार नाही.

फॉस्फेट ०.०० याविषयीही एक सूचना. रंगपट्टीशी जुळवायच्या चाचणीसंचात ०.०० आणि ०.०३ यांत फरक करणे डोळ्याला जमत नाही. लहान अंकीय कलरीमीटर वापरा, काचेची कुपी प्रत्येक वेळी पुसून त्याच बाजूने बसवा. बोटाचा ठसाही आकडा बदलतो.

ओहोटी

माशांविषयी लिहितो. यलो टँग या टाकीत आणू नये. हा मासा दिवसभर पोहत खडक चरतो, त्याची लांबी २० सेंटिमीटरपर्यंत जाते, आणि ९० सेंटिमीटरच्या टाकीत त्याला दोन-चार शेपटीच्या फटकाऱ्यांत वळावे लागते. कोंडलेला टँग नव्या माशांवर हल्ले करतो आणि आजारीही लवकर पडतो. शिवाय तुमच्या वाळूवर जे आहे ते टँग खाणार नाही. हवाईच्या ओशनिक इन्स्टिट्यूटने २०१५ मध्ये यलो टँगची पैदास बंदिस्त टाक्यांत यशस्वी केली, त्यामुळे समुद्रातून न पकडलेला टँग आता मिळू शकतो. पण मासा कुठून आला याने त्याला लागणारी जागा कमी होत नाही.

तुम्हाला एखादा मासा आणायचाच असेल, आणि खाणे वाढवण्याच्या दृष्टीने ते सोयीचेही आहे, तर टाकीत पैदास झालेल्या बांगाई कार्डिनलचा विचार करा. नैसर्गिक अवस्थेत हा मासा इंडोनेशियातल्या एका लहानशा द्वीपसमूहापुरता मर्यादित आहे आणि संकटग्रस्त प्रजातींत गणला जातो, म्हणून समुद्रातून पकडलेला घेऊ नये. नर अंडी तोंडात सांभाळतो आणि त्या काळात काही खात नाही. जोडी जमली तर ते पाहण्यासारखे असते. दोन नर मात्र एकमेकांना टिकू देत नाहीत, तेव्हा एकच आणा किंवा जमलेली जोडी आणा.

कोणताही मासा आणला तरी त्याला वेगळ्या टाकीत ठेवून, निरीक्षण करूनच मुख्य टाकीत सोडा. पांढऱ्या ठिपक्यांचा सागरी रोग क्रिप्टोकॅरियॉन या परजीवीमुळे होतो. ठिपके काही दिवसांत गळून पडतात आणि मासा बरा झाला असे वाटते. प्रत्यक्षात परजीवी खडकावर आणि वाळूत कोष करून बसलेला असतो, आणि पुढची पिढी कितीतरी पट संख्येने बाहेर पडते. त्यावरचे तांब्याचे औषध प्रवाळ, गोगलगायी आणि कोळंबी यांना मारक आहे, त्यामुळे ते मुख्य टाकीत कधीच घालता येत नाही. मग सगळे मासे बाहेर काढून टाकी सुमारे अकरा आठवडे माशांविना ठेवण्याची वेळ येते.

निळीलाट

तिघांचेही मनापासून आभार. रिॲक्टर बंद केला आहे आणि टँगचा विचार सोडला आहे. पाणी मी हाताने, तीन-चार दिवसांनी भरतो. तो पंप आता घेईन. दोन शंका उरतात. वाळूवरचे तपकिरी तंतू डायनोफ्लॅजेलेट (एकपेशीय सूक्ष्मजीव) आहेत असे समजावे का? तसे असेल तर पोषकद्रव्ये वाढवल्याने ते अधिक फोफावणार नाहीत का? आणि ॲक्रोपोराची मेलेली टोके कापावीत का?

प्रवाळवेडा

बुडबुडे अडकलेले चिकट तंतू, आणि रात्री गायब होऊन दुपारी परत येणे, ही लक्षणे डायनोफ्लॅजेलेटकडेच बोट दाखवतात. खात्रीसाठी थोडे तंतू बाटलीत टाकीच्याच पाण्यात घेऊन जोरात हलवा, कागदी कॉफी फिल्टरमधून गाळा आणि गाळलेले पाणी तासभर उजेडात ठेवा. पेशी पुन्हा एकत्र येऊन तंतू बांधू लागल्या तर शंका उरत नाही. साधा सूक्ष्मदर्शक मिळाला तर आणखी उत्तम, कारण पुढचा उपाय जातीवर ठरतो. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री पाण्यात तरंगतो, त्यामुळे अतिनील दिवा लावल्याने त्याचे प्रमाण पुष्कळ कमी होते. ॲम्फिडिनियम वाळूतच राहतो आणि त्याला अतिनील दिव्याने फारसा फरक पडत नाही. गोगलगायी सुस्त होऊन उलट्या पडू लागल्या तर ऑस्ट्रिऑप्सिसचा संशय घ्या. तो विषारी असतो.

पोषकद्रव्ये वाढवल्यावर ते फोफावतील ही भीती स्वाभाविक आहे, पण घडते ते बहुधा उलटे. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर गेले की जिवाणू आणि साधी शेवाळे मागे पडतात, आणि मोकळी झालेली जागा डायनोफ्लॅजेलेट व्यापतात. पाण्यात पोषण परतले की ती शेवाळे पुन्हा जोर धरतात. मध्ये काही आठवडे काचेवर हिरवा थर आणि खडकावर थोडे केसाळ शेवाळ दिसेल. ते येऊ द्या, हाताने उपटा, पण रिॲक्टर पुन्हा सुरू करू नका. या काळात मोठे पाणीबदलही टाळा. पुष्कळांच्या टाक्यांत प्रत्येक मोठ्या बदलानंतर तंतू दाट झालेले आहेत.

टोकांविषयी: मांस मागे हटणे थांबले असेल तर काहीही कापू नका, कारण पाणी स्थिर झाले की मांस स्वतःच त्या टोकावर परत चढते. हटणे चालूच असेल तर जिवंत भागात साधारण अर्धा सेंटिमीटर आत कापा आणि निरोगी फांदीचा एक तुकडा कमी प्रकाशात वेगळा लावून ठेवा. कापताना जवळच्या झोअँथिडना धक्का लागणार नाही याची काळजी घ्या, हातमोजे आणि चष्मा घाला. झोअँथिड आणि पॅलिथोआ यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे तीव्र विष असते. ते असलेला खडक गरम पाण्यात टाकू नये, उकळू तर मुळीच नये, कारण वाफेतून ते श्वासात जाते.

अल्कलिनिटी आणि फॉस्फेटची रोजची नोंद इथे लिहीत राहिलात तर मात्रा किती ठेवायची ते आपण मिळून ठरवू.