व्हिया वेर्दे दे ला सिएर्रा: सुरुवात ओल्वेराहून की प्वेर्तो सेर्रानोहून?

प्रश्न: नाशिकहून आम्ही चौघे स्पेनला जातोय. त्र्यंबकेश्वर जाऊन-येऊन करायची सवय आहे. अंदालुसियात अपूर्ण राहिलेल्या जुन्या रेल्वेमार्गावर केलेली ही 36 किमीची सायकलवाट (एका टोकाला ओल्वेरा, दुसऱ्या टोकाला प्वेर्तो सेर्रानो) एका दिवसात जाऊन-येऊन जमेल का? हायब्रिड सायकल चालेल?

उत्तर १: आरामात जमेल. प्वेर्तो सेर्रानोहून निघा. ओल्वेरा उंचावर आहे, त्यामुळे चढ सकाळी ताज्या पायांनी होतो आणि परतीला उतार मिळतो. लोक उलटं करतात नि दुपारी उन्हात चढत बसतात. चढ रेल्वेचा, म्हणजे सौम्य. पण संपतच नाही, म्हणून हलका गिअर ठेवा. जुलै-ऑगस्ट टाळा. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर उत्तम.

उत्तर २: दिव्याचं कुणी बोललं नाही! वाटेत 30 बोगदे आहेत, सगळ्यात लांब जवळपास 1 किमीचा. आतल्या दिव्यांवर विसंबू नका. पुढे पांढरा, मागे लाल दिवा हवाच. गॉगल बोगद्याच्या तोंडाशीच काढा, नाहीतर लख्ख उन्हातून आत शिरल्यावर काही सेकंद काहीच दिसत नाही आणि समोरून पायी माणसं येत असतात. पृष्ठभाग दाबलेल्या मुरमाचा, तेव्हा 35 ते 40 मिमीचे टायर घाला. साफ्रामागोनच्या कड्याजवळ थांबाच, गिधाडांची मोठी वसाहत आहे.

उत्तर ३: सायकल इथूनच नेणार असाल तर पॅक करताना पेडल काढावी लागतात. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतं. जोर लावून उलटं पिळलं तर आणखी घट्ट बसतं.