उद्या पार्किंगमध्ये सस्पेन्शनचं काम

ओंकार बी-३०४: नमस्कार. उद्या रविवारी सकाळी ९ पासून माझ्या पार्किंगमध्ये ऑडी टीटीचं जुनं सस्पेन्शन काढून कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारे स्प्रिंग-शॉक) बसवणार आहे. पुढचे दोन्ही शॉक अब्सॉर्बर तेल गाळायलेत, चोर्ला घाटाच्या वळणांवर गाडी डुलते. थोडी ठोकाठोक होईल, सांभाळून घ्या.

सेक्रेटरी: दुपारी १ ते ३ आवाज नको. तेल सांडलं तर लगेच पुसायचं.

वहिनी ए-२०१: अरे, रविवारी सगळी पोरं तिथंच सायकली फिरवतात. दोरी तरी बांध की.

ओंकार बी-३०४: होय वहिनी, दोन्ही बाजूंनी बांधतो.

अण्णा ए-१०२: ओंकार, स्टँड किती आहेत? आणि स्प्रिंग दाबायला काय आणलंयस?

ओंकार बी-३०४: ट्रॉली जॅक आणि चार स्टँड. स्प्रिंग कॉम्प्रेसर मित्राचा आणलाय, दोन हुकांचा. जुन्या स्ट्रटवरचं (स्प्रिंग आणि शॉकची जोडी) टॉप माउंट, म्हणजे वरची बैठक, काढून नव्यावर चढवायचंय ना.

अण्णा ए-१०२: तो कॉम्प्रेसर आजच परत देऊन ये. उद्यमबागेत आमच्या शेजारच्या शेडमध्ये असाच एक हुक सरकला होता. दाबलेला स्प्रिंग पोराच्या कानाजवळून गेला आणि वरच्या पत्र्याला भोक पडलं. पोरगं अर्धा तास बोललं नाही, नुसतं हाताकडं बघत बसलं होतं. मी तिथंच उभा होतो.

अण्णा ए-१०२: तुला जुना स्प्रिंग उघडायची गरजच नाही. पुढच्या बाजूची दोन नवी टॉप माउंट, बेअरिंग आणि वरचे नट मागव. कॉइलओव्हरचा स्प्रिंग आखूड असतो. खालची कॉलर, म्हणजे आट्यांची रिंग, पूर्ण खाली फिरवलीस की तो सैल पडतो, माउंट हातानं बसतं. जुना स्ट्रट आहे तसा अख्खा बाहेर काढून ठेव. मागं तर या गाडीला स्प्रिंग वेगळा आणि शॉक वेगळा, खालचा आर्म जॅकवर धरून हळू उतरवला की स्प्रिंग मोकळा होतो.

ओंकार बी-३०४: हे डोक्यातच आलं नव्हतं अण्णा. माउंट यायला चार-पाच दिवस जातील.

अण्णा ए-१०२: जाऊ देत. पुढच्या रविवारी कर.

सी-१०३: एवढं कशाला, सरळ गॅरेजला दे की.

अण्णा ए-१०२: नको, करू दे त्याला. मन लावून करणारं पोरगं आहे. फक्त घाई नको. आणि आपल्या पार्किंगला पेव्हर ब्लॉक आहेत, पावसानं खालची वाळू बसलीय. १३०० किलोच्या आसपासची गाडी, स्टँडचा पाय ब्लॉकच्या सांध्यावर आला तर तो कलतो. मी शेडवरून ८ मिमीच्या चार प्लेटा कापून आणतो, त्यावर स्टँड लाव. नुसत्या जॅकवर गाडी असताना खाली हातसुद्धा घालायचा नाही.

बी-१०१: ओंकार, गाडीला मॅग्नेटिक राइड (विजेवर कमी-जास्त कडक होणारे शॉक) आहे काय? असेल तर साधे शॉक बसवल्यावर डॅशबोर्डवर दिवा लागतो. आणि विमा कंपनीला आधी विचार. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कंपनीच्या मूळ तपशिलात बदल चालत नाही.

ओंकार बी-३०४: मॅग्नेटिक नाही, साधेच आहेत. विमावाल्यांना सोमवारी विचारतो. गाडी फार खाली नाही घेणार, १५ मिमी. आपल्या गेटचा चढ आणि स्पीडब्रेकर माहीत आहेत.

अण्णा ए-१०२: बरोबर. फार खाली घेतलीस तर शॉकला दबायला जागाच उरत नाही, खड्ड्यात थेट बंपस्टॉपवर (शेवटचा रबरी अडथळा) आदळते. आणखी चार गोष्टी. स्ट्रट चाकाच्या हबच्या पकडीत घट्ट असतो, हातोडी मारू नकोस, फटीत स्प्रेडर (फट रुंदावायचं हत्यार) घालून फिरव. ब्रेकचा कॅलिपर त्याच्या नळीवर लोंबकळायला नको, तारेनं टांग. मॅन्युअलमध्ये जिथं आवळून वर ९०° फिरवायला सांगितलंय ते बोल्ट एकदाच वापरायचे, नवे घे.

अण्णा ए-१०२: आणि आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट चाक लोंबकळताना कधीच पूर्ण आवळायचे नाहीत. रबर पिळलं जातं आणि लवकर फाटतं. चाकाच्या मध्यापासून फेंडरपर्यंतचं माप आजच लिहून ठेव. नव्या उंचीला जेवढं येणार तेवढं आर्म जॅकनं उचलून मग टॉर्क दे, म्हणजे ठरलेल्या जोरानं आवळ. टॉर्क रेंच माझा घे.

*(पुढचा रविवार)*

वहिनी ए-२०१: आमचा पिंट्या सकाळपासून दोरीच्या बाहेर स्टूल टाकून बसलाय, जेवायला यायला तयार नाही.

ओंकार बी-३०४: पुढचे दोन्ही बसले, मागचे पण बसले. डाव्या बाजूला ३ मिमी फरक होता, कॉलर फिरवून काढला. अलाइनमेंट उद्या सकाळी, तोवर गाडी गेटबाहेर नाही. ५०० किमीनंतर सगळे बोल्ट परत तपासणार. अण्णा, मागच्या आर्मचे बोल्ट तेवढे राहिलेत. तुमच्यासमोर आवळायचेत, खाली येता काय?

अण्णा ए-१०२: आलो. चष्मा घेतो.