गावात डेंगू आहे, तिसऱ्यांदा धूर मारावा का?

बालाघाटची लेक
नमस्कार मंडळी. केज तालुक्यातलं आमचं गाव, अडीचशे उंबऱ्यांचं. नळाला आठव्या-नवव्या दिवशी पाणी येतं, त्यामुळं घरोघरी चार-पाच टिपाडं आणि एखादा हौद भरलेलाच असतो. महालक्ष्म्या उठल्या आणि दुसऱ्या दिवशी माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला ताप भरला. डोळ्यांच्या मागं दुखतंय म्हणून रडायची. रक्त तपासलं तर डेंगू. पेशी कमी झाल्या म्हणून अंबाजोगाईला पाच दिवस दवाखान्यात काढले. आता बरी आहे, पण गल्लीत आणखी सहा जण तापानं पडलेत.

गावात दोनदा धूर मारून झाला. संध्याकाळी गाडी रस्त्यानं फिरते, आम्ही दारं-खिडक्या लावून आत बसतो. तिसऱ्या दिवशी डास आहेत तसेच. आता तिसऱ्या वेळी घरटी वर्गणी मागतायत. इकडं दीर म्हणतात, कपाशीवर फवारायचं 'मोनो' हे कीटकनाशक अर्धी बाटली शिल्लक आहे, पंपानं घरात मारून घेऊ. मला धास्ती वाटते. जाणत्यांनी सांगावं.

परभणीचा कास्तकार
ताई, ती बाटली घरात उघडू नका. हात जोडून सांगतो. २०१७ ला यवतमाळकडं कपाशी फवारताना विषबाधा होऊन माणसं दगावली, तीही उघड्या रानात. बंद खोलीत लेकरं झोपतात, पिठाचा डबा असतो, पाण्याची घागर असते. रानातलं औषध घरात नकोच.

निवृत्त आरोग्य सेवक, बीड
ताई, एकतीस वर्षं मी याच जिल्ह्यात पंप आणि अबेटची, म्हणजे पाण्यातल्या अळ्या मारायच्या औषधाची, बाटली घेऊन फिरलो. औषध चांगलं की वाईट यापेक्षा कीटक बसतो कुठं, हे आधी बघावं लागतं.

१९९४ च्या ऑगस्टमध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर पडले, पिसवांनी लोक हैराण झाले आणि गाठीचा प्लेग निघाला. किल्लारीच्या भूकंपाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. लोकांना वाटायचं, आधी उंदीर मारा. पण मेलेल्या उंदराचं अंग गार पडलं की पिसवा त्याला सोडतात आणि जवळच्या माणसाला धरतात. म्हणून आधी बिळांत पिसवा मारायची भुकटी, उंदरांचं औषध त्यानंतर. हा क्रम चुकला तर आपल्याच हातानं रोग घरात येतो.

हिवतापाचा डास वेगळा. रक्त पिऊन जड झाला की भिंतीवर टेकतो. म्हणून १९५३ पासून देशभर घरांच्या भिंतींवर डीडीटी मारली आणि हिवताप खरोखर खाली आला. पुढं डास औषधाला सरावले, कामातही ढिलाई आली आणि १९७६ ला रुग्ण ६४ लाखांवर गेले. मी स्वतः दिवाळीच्या तोंडावर भिंती फवारल्या आणि दुसऱ्या सकाळी त्याच घरातली माउली पांढऱ्या मातीनं भिंत पोतारताना बघितली. औषध सगळं मातीखाली. तिचा काय दोष? भिंत अडीच-तीन महिने पोतारू नका, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही. ते मला अजून लागतं.

आता तुमचा डेंगूचा डास. काळा, पायांवर पांढरे पट्टे, दिवसा चावतो. हा खाटेखाली, खुंटीवरच्या कपड्यांमागं, अंधाऱ्या कोपऱ्यात बसतो. धूर रस्त्यावर आणि तुमची दारं बंद! धुराचा असर काही तासांचा, उडता डास सापडला तरच मरतो. रुग्णाच्या आणि आसपासच्या घरांत, आतून, पायरेथ्रमची फवारणी झाली तर उपयोग आहे. नुसत्या रस्त्यावरच्या धुरासाठी वर्गणी देऊ नका.

आज रात्री टिपाडात बॅटरी मारून बघा. अळ्या डोकं खाली करून तिरप्या लटकलेल्या दिसतील, उजेड पडला की वळवळत तळाला जातील. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, आणि तुमचं पाणीही तेवढ्याच दिवसांनी येतं. आपण तळाचं पाणी ठेवून वरून नवं भरतो, तिथंच त्यांची सोय होते. नळ यायच्या दिवशी टिपाड पूर्ण पालथं करा आणि आतली कड काथ्यानं घासा. अंडी कडेला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जगतात.

जे रिकामं करता येत नाही त्यात टेमिफॉस, म्हणजे अबेट. प्रमाण लिटरला १ मिलिग्रॅम. ५० टक्क्यांचं औषध असेल तर दोनशे लिटरच्या टिपाडाला अर्धा मिलीसुद्धा लागत नाही. म्हणून अंदाजानं ओतू नका, उपकेंद्रातल्या माणसाकडून मोजून घ्या. आणि अळीचा कोष झाला की तो खात नाही, त्याला अबेट लागू पडत नाही. घासणं सुटत नाही ते यामुळंच.

लातूरची सुमन
२०१६ ला आमच्याकडं मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हापासून भांडी भरून ठेवायची सवयच लागली. मी टिपाडाला जुन्या लुगड्याचं सुती फडकं ताणून दोरीनं बांधते. मधे झोळ पडू देऊ नका. फडकं पाण्याला टेकून भिजलं की डास त्यावरच अंडी घालतो. पहिल्या वर्षी माझं तसंच झालं होतं.

बालाघाटची लेक
काका, काल रात्री बघितलं. पाचातल्या तीन टिपाडांत अळ्या होत्या. फ्रिजमागच्या ताटलीतही. लेक शेजारी उभी होती, म्हणाली, "आई, हेच मला चावले का?" मला बोलवेना.

दिरांनी बाटली परत रानातल्या खोलीत कुलपात ठेवली. आशाताईंना घेऊन सरपंचांकडं गेले होते, वर्गणी थांबलीय. रविवारी नळ येणार, सगळ्या गल्लीनं एकाच दिवशी टिपाडं पालथी करायचं ठरलंय. एकच विचारते, हौद काही रिकामा होत नाही. त्यात गप्पी मासे सोडले तर अबेटही टाकायचं का?

निवृत्त आरोग्य सेवक, बीड
हौदात मासे सोडले तर तेवढं पुरे. अबेट टिपाडांना. माशांची चौकशी उपकेंद्रातच करा. जाताना रुंद तोंडाचा डबा न्या, हौदाचंच पाणी भरून. आणि हौदाला मोठं झाकण असेल तर दिवसा थोडं उघडं ठेवा, वर जाळी टाकून.