ठाणे : इमारत अतिधोकादायक ठरली, पागडीच्या भाडेकरूंनी खोली सोडण्याआधी काय लेखी घ्यावं?

नमस्कार मंडळी, तातडीने मदत हवी आहे.

माझे आईबाबा नौपाड्यात पागडीच्या खोलीत राहतात. बाबांचा जन्म तिथलाच. गेल्या आठवड्यात इमारतीवर पालिकेची नोटीस लागली : महापालिका कायद्याचं कलम २६४, वर्ग सी-१, म्हणजे रिकामी करून पाडायची. मुदत शुक्रवारपर्यंत.

इमारतीच्या मजबुतीचं ऑडिट खोटं आहे असं आमचं म्हणणं नाही. भेग वाढतेय का ते कळावं म्हणून जिन्यातल्या भेगेवर इंजिनियरने काचेची पट्टी चिकटवली होती, ती पहिल्याच मोठ्या पावसानंतर मधोमध तडकली. २०१५ च्या ऑगस्टमध्ये नौपाड्यातच कृष्णा निवास कोसळून १२ माणसं गेली, ती रात्र बाबा विसरलेले नाहीत. त्यामुळे तिथेच राहायचा हट्ट कुणाचाच नाही.

पण जायचं कुठे? मालक म्हणतात, "आधी खाली करा, कागदाचं मग बघू." पालिकेच्या कार्यालयात सांगितलं, "नातेवाईकांकडे सोय करा." बाबा ७४ वर्षांचे, आईचे गुडघे गेलेले. माझ्या कळव्याच्या वन-आरकेत आम्हीच चौघं आहोत.

वाचून एवढं कळलं की, इमारत पालिकेने पाडली तरी भाडेकरूचा हक्क संपत नाही. सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात तसं म्हटलंय. त्याच वर्षी हायकोर्टाने मुंबईच्या धोकादायक इमारतींसाठी, पाडण्याआधी प्रत्येकाच्या ताब्यातली जागा मोजून नोंदवायला सांगितलं. ठाण्यात ही मोजणी कुणाकडे मागायची? अर्ज प्रभाग समितीत द्यायचा की थेट आयुक्तांकडे? नुसती पोच पुरते का?

दुसरं, तात्पुरत्या घराचं. मामेबहीण वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिने जोहान्सबर्गचा निकाल दाखवला. तिथे खाजगी मालकाला आपली इमारत रिकामी करून हवी होती. शहर म्हणालं, मालक खाजगी, मग आमचा काय संबंध? २०११ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ते मानलं नाही. बेघर होणाऱ्यांना शहराने तात्पुरता निवारा द्यायचा, आणि त्यांना बाहेर काढायची तारीख निवारा द्यायच्या तारखेनंतरची, असा आदेश दिला. त्यांच्या राज्यघटनेत घराचा हक्क वेगळा लिहिलेला आहे. आपल्याकडे मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांच्या खटल्यात, १९८५ च्या ओल्गा टेलिस निकालाने, उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्काशी, राज्यघटनेच्या कलम २१ शी जोडला, पण त्याच्या आधारावर उद्या सकाळी टेबलावर काय मागता येतं?

ठाण्यात धोकादायक इमारतींतले काही जण रेंटलच्या, म्हणजे सरकारी भाड्याच्या घरांच्या योजनेतल्या, १६० चौरस फुटांच्या खोल्यांत गेलेत. आम्हाला तेवढीही चालेल. ती कशी मिळवली, भाडं किती, आणि तिथे गेल्यावर मूळ जागेवरचा हक्क कागदावर कसा राखला, हे स्वतः अनुभवलेल्यांनी कृपया सांगा. वीजबिलं, भाडेपावत्या, १९९५ पासूनची मतदारयादी एवढं गोळा केलंय. आणखी काय लागेल?

बाबा चावी द्यायला तयार आहेत. फक्त मोजणीचा सही-शिक्क्याचा कागद हातात आल्याशिवाय त्यांनी ती देऊ नये, असं मी म्हणतोय. यात माझं काही चुकतंय का?